भोंग्यानंतरचा थांबा

पाणी सोडण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याने त्या पाण्याच्या वाटेवर कोण उभे आहे हे आधी पाहावे. पाहण्याचे काम यंत्रावर सोपवले, तरी उत्तरदायित्व त्याचेच राहते.

रुम्यानाने लोकरी टोपी कानांवर ओढली आणि धरणाचे तरुण प्रमुख काल्चेव यांना नदीतल्या वाळूच्या बेटावर उतरवले. धरणाचे दरवाजे चालवणारी आज्ञावली तिने तरुणपणी लिहिली होती. आता कृत्रिम बुद्धीने ती नव्याने, अधिक सुबक लिहून दिली होती. पाणी सोडण्याआधी वाजणारा भोंगा आणि दरवाजे उघडणे यांच्यामधला दीर्घ थांबा मात्र त्या यंत्रबुद्धीने जवळजवळ पुसला होता. कारणही दिले होते: इतक्या वर्षांच्या नोंदींत खाली एकही अपघात नाही, म्हणून थांबा अनावश्यक. संध्याकाळपासून ही नवी आज्ञावली लागू व्हायची होती.

“ताई, तुमचं लिहिलेलं पुसलं म्हणून राग आलाय ना?” काल्चेव हसले.

“राग कसला? माझ्यापेक्षा नेटकं लिहिलंय त्यानं. तुम्ही फक्त गेंचोकाकांजवळ उभे राहा. आज दरवाजे बंदच राहतील. भोंगा झाला की काठ गाठायचा. नव्या हिशेबानं पाणी सुटेल, त्या क्षणी तुमचा फोन वाजेल.”

उद्या संत निकोलाचा सण. घरोघरी कार्प मासा शिजायचा, म्हणून सारे गाव गळ टाकून बेटावर बसले होते.

भोंगा वाजला. माणसे सवयीने उठून काठाकडे निघाली. काल्चेव धावले, आणि मागे वळले. वृद्ध गेंचो अजून गुडघ्यावर हात टेकून उठत होते.

“काका, सोडा तो गळ!”

“सोडतो कसा? रिकाम्या हातानं गेलो तर सूनबाई घरात घेईल का?”

काल्चेव यांनी त्यांचा दंड धरला. दोघे उथळ प्रवाहाच्या मध्यावर आले, आणि खिशातला फोन वाजला.

काल्चेव जागीच थांबले. त्यांनी वर धरणाच्या बंद दरवाजांकडे पाहिले, मग आपल्या हातातल्या कृश दंडाकडे. फोन वाजतच राहिला.

“चला की साहेब,” गेंचो म्हणाले. “घाई कसली? इतकी वर्षं आरामातच पोचतोय आम्ही.”

काठावर येताच काल्चेव यांनी नियंत्रण कक्षाला फोन लावला.

“जुना थांबा होता तसा परत घाला. आणि रुम्यानाताईंना विचारल्याशिवाय एक ओळही हलवू नका.”

काठावरच्या रुम्यानाने टोपी काढून आभाळात उंच भिरकावली. त्याच वेळी गेंचोंच्या मागे फरफटत आलेल्या गळाला हिसका बसला, आणि भलामोठा कार्प पाण्याबाहेर उसळला. अवघा काठ आनंदाने ओरडला.

त्या बेटावर उतरणाऱ्या प्रत्येकाचे ताट भरलेले राहो. आणि पाणी येण्याआधी प्रत्येकाचे पाऊल काठाला लागो.