धुळीवर पाणी

नव्या उघड्या खाणीचे डंपर रस्त्यावर धूळ उडवतात, अशी तक्रार सायकलवरून वस्त्यांमध्ये मलमपट्टी करत फिरणाऱ्या नर्स सिस्टरनीच केली होती. खाणवाल्यांनी लगेच पाण्याचा टँकर लावला. आता सायकलच्या मडगार्डमध्ये चिखल असा घट्ट बसला की चाकच फिरेना. पलीकडच्या वस्तीत एक मावशी पायाच्या जखमेची पट्टी बदलून घ्यायला ताटकळली होती.

सिस्टरनी टँकर अडवला. "अहो दादा, हे तर फुफाट्यातून चिखलात पडणं झालं!"

"धूळ नको, चिखल नको. तुम्हाला हवंय तरी काय, सिस्टर?" ड्रायव्हर वैतागला.

"रस्ता!"

"ते खातं माझं नाही," म्हणत त्याने पुन्हा पाणी सोडलं.

देवाचं नाव घेत सिस्टरनी राग गिळला. मग सायकललाच खांद्यावर बसवून त्या चिखल तुडवत निघाल्या.