सासूच्या नावाची खाट

रंगाच्या कारखान्यात पांढरा हा एक रंग नसतो. दुधी, पिवळट, निळसर, राखेकडे झुकणारा असे पांढऱ्याचेच डझनभर भाऊबंद असतात. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या तुकड्याशी त्यातला नेमका कोणता जुळतो, हे ठरवायला नजरेचं माणूस लागतं. या कारखान्यात ते काम एक बाई करायची. सगळे तिला शेडबाई म्हणत. खिडकी नसलेली, करड्या भिंतींची एक छोटी खोली तिला दिली होती. तिथे दिव्याच्या पेटीखाली रंगवलेले दोन पत्रे शेजारी शेजारी धरून ती दिवसभर पाहत बसे. दोन रंगांतला केसाएवढा फरक तिला दिसायचा. तिच्यातला फरक मात्र दोन वर्षांत कारखान्यात कुणाला दिसला नव्हता.

त्या दिवशी जेवणाच्या सुटीत पॅकिंगच्या मुकादमीणबाईंनी नेहमीची कळ काढली.

"काय शेडबाई, साहेबांची बदली संपली की नाही?"

"नाही हो अजून."

"कसली मेली ही बदली! वनवाससुद्धा चौदा वर्षांनी संपतो."

टेबलावर सगळ्या खळखळून हसल्या. शेडबाईही हसली. त्यानंतर मात्र ती डबा आपल्या खोलीतच उघडू लागली. करड्या भिंती काही विचारत नाहीत.

साहेब बदलीवर गेलेच नव्हते. दोन वर्षांपूर्वी दोघांचा रीतसर घटस्फोट झाला होता. मारहाण नाही, लफडं नाही; सात वर्षं एका घरात दोन भाडेकरूंसारखी राहून दोघंही थकली आणि कोर्टाने त्यांना मोकळं केलं. ती आईकडे राहायला आली. आईने दार उघडलं, पिशवी आत घेतली आणि दार लावून सांगितलं, "कोर्टात काय व्हायचं ते झालं. गल्लीत काही झालेलं नाही. कळलं?"

त्या दिवसापासून आईने गल्ली सांभाळली. जावई दूरच्या कामावर आहेत, रजा मिळत नाही, फोन मात्र रोज येतो, हे तिने जिन्यातल्या प्रत्येक बाईला इतक्यांदा सांगितलं की तिला स्वतःलाच ते निम्मंअर्धं खरं वाटू लागलं. सामानातून चुकून आलेला जावयाचा एक चौकड्यांचा शर्ट होता. महिन्या दोन महिन्यांनी एकदा तो शर्ट आई धुऊन गच्चीवरच्या दोरीवर मधोमध वाळत घाली, म्हणजे जावई येऊन गेले. कुणाच्या अंगात न जाता तो शर्ट धुऊन धुऊन विटला. आपल्याकडे मुलीचं लग्न मोडलं की आधी मुलीला कुणी जपत नाही, लग्नाच्या सांगाड्याला जपतात.

मग आईच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. आधी तिने ओव्यावर निभावलं. एका सकाळी मात्र ती ओट्याला धरून खाली बसली आणि घामाने भिजली. पित्ताशयात खडे होते आणि आता सूजही होती. डॉक्टर म्हणाले, "काढून टाकू. साधं ऑपरेशन आहे, पण लांबवू नका."

साधं ऑपरेशन त्यालाच, ज्याच्या मागे विमा आहे. शेडबाईच्या मागे तो होता. कारखाना कामगाराचा, त्याच्या जोडीदाराचा आणि एका बाजूच्या आईवडिलांचा दवाखान्याचा खर्च उचलत असे. माहेरची बाजू किंवा सासरची, एक निवडायची. लग्न झालं तेव्हा निवड आईनेच केली होती. "आता तेच तुझं घर. विम्यात सासूबाईंना घाल, चांगलं दिसतं. मला काय धाड भरलीय?" मुलगी परक्याचं धन म्हणतात, तिचा विमाही परक्याच्याच घरी गेला. घटस्फोटानंतर महिनाभरात कारखान्याला कळवलं असतं, तर त्याच जागी आईचं नाव लागलं असतं. पण कळवायचं म्हणजे आस्थापना विभागातल्या बडेबाबूंना कळणार, बडेबाबूंना कळलं की चहाच्या टपरीला कळणार, आणि टपरीवरून ते गल्लीत यायला कितीसा वेळ? आईने शपथ घातली. मुलगी गप्प बसली.

"मी आता सांगते बाबूंना," शेडबाई म्हणाली.

"आणि दोन वर्षं काय झोपली होतीस, असं विचारतील ते." आई भिंतीला टेकून बसली होती. दुखणं थांबल्यामुळे तिचं डोकं पुन्हा चालू लागलं होतं. "सासूबाईंनी परत पाठवलेलं विम्याचं कार्ड कुठाय गं?"

"कपाटात. का?"

"त्यावर फोटो नाही ना?"

"आई!"

"ओरडू नकोस. त्या माझ्याच वयाच्या, दोनतीन वर्षं इकडेतिकडे. मी त्यांच्या नावाने जाते. तू मला आई म्हणतेस, त्यांनाही आईच म्हणायचीस. दवाखान्यात कुणाला कळणार आहे?"

ही लबाडी आहे, हे शेडबाईला समजत होतं. ती नाही म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कळ आली, आईने उशीचा कोपरा दातांत धरला, आणि तिच्या तोंडून हो निघून गेलं. संध्याकाळी आईची शिकवणी झाली. सासूबाईंचं नाव, जन्मसाल, पत्ता, दुखणी. आई हुशार विद्यार्थिनी निघाली.

"रक्तदाब?"

"आहे. सकाळी एक गोळी."

"आधी दवाखान्यात?"

"आपण जातोय त्याच दवाखान्यात. पाय मोडला होता."

"कशाची ॲलर्जी?"

"काही नाही," आई म्हणाली, आणि पैकीच्या पैकी मिळाल्यासारखी हसली.

दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी पाटी लागली. तिच्यावर दुसऱ्याच बाईचं नाव होतं. आई त्या नावाला ओ द्यायला लागली. भेटायला येणारं कुणी नव्हतं. येणार तरी कसं? आलं तर ते आईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणार! म्हणून कुणाला सांगितलंच नव्हतं. शेजारच्या खाटेभोवती सुना, नाती, शहाळी, गप्पा. आईच्या खाटेशी एक पाण्याची बाटली आणि भिंतीकडे तोंड. आपल्याच मुलीजवळ ती हळू आवाजात बोले, न जाणो चुकून खरं काही निघून जाईल. माणसाला एकटं पाडायला जंगल लागत नाही, दुसऱ्याचं नाव पुरतं.

ऑपरेशनच्या सकाळी शेडबाई खालून कागदावर शिक्का मारून घेऊन वर आली, तर सिस्टर सिरिंज भरत होत्या.

"कसलं इंजेक्शन आहे हे?"

"पेनिसिलिन. सूज आहे ना, आधी द्यायला सांगितलंय. हात सैल सोडा हो, आजी."

शेडबाईच्या हातातले कागद खाली पडले. ती शाळेत असताना असंच एक इंजेक्शन घेऊन आई घरी आली होती. जिन्यातच तिचं तोंड सुजलं, अंगभर पुळ्या उठल्या, घसा बंद झाला. शेजाऱ्यांनी खुर्चीत घालून तिला परत नेलं होतं.

"थांबा! ते देऊ नका. तिला चालत नाही."

सिस्टर थांबल्या. "मी विचारलं की आत्ता. ॲलर्जी नाही म्हणाल्या. जुन्या फाइलवरही नाही असंच आहे."

"ती फाइल हिची नाही."

"म्हणजे?"

आईने चादरीखालून तिचा हात घट्ट धरला. "गप," ती पुटपुटली. "गप गं, बाई."

वॉर्डातल्या सगळ्या खाटा ऐकत होत्या. दोन वर्षं जे तिने आरशासमोरसुद्धा उच्चारलं नव्हतं, ते ती मोठ्याने म्हणाली, "ही माझी सासू नाही. माझी आई आहे. मला सासू नाही, माझा घटस्फोट झालाय."

सिस्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. आईने हात सोडला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

दवाखान्याने दोघींना घरी पाठवलं. जाताना सिस्टर शेडबाईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तक्रार तर करावीच लागेल. पण बोललात, बरं केलंत." रिक्षात शेडबाईने आईला विचारलं, "तुला आठवलं नाही का गं?"

"आठवलं ना."

"मग?"

"सासूबाईंना नव्हती ना ॲलर्जी," आई म्हणाली. "मी त्यांच्या जागी होते."

वाचकहो, अब्रू म्हणतात ती हीच. पोटची पोर सासरी नांदते असं दिसावं म्हणून एक बाई दुसरीच्या नावाने मरायला तयार होती, आणि तेही अगदी शहाण्यासारखी, धडा पाठ करून.

कारखान्यात बडेबाबूंनी तिला समोर बसवलं. ओरडले नाहीत. चष्मा काढून नुसते कपाळ चोळत राहिले.

"खोट्या नावाने कार्ड वापरलंत. नोकरी जाऊ शकली असती. तुम्ही स्वतःच तोंड उघडलंत म्हणून ताकीद आणि एक पगारवाढ बंद, एवढ्यावर मी आणलंय. आईंचं नाव आता नव्या वर्षाच्या पॉलिसीत लागेल. तोवर काही मिळणार नाही."

"चालेल."

"काय चालेल? अहो, तुमच्या फंडावर नाव कुणाचं आहे? अपघाती विम्यावर? अजून आधीच्या यजमानांचंच! उद्या मशिनखाली सापडला असतात, तर सगळं त्यांच्या घरी गेलं असतं. आईच्या हातात नुसतं आमचं सांत्वनाचं पत्र."

तिला रडू आलं नाही. तिने सगळीकडची नावं त्याच बैठकीत बदलली आणि जेवणाच्या सुटीत डबा घेऊन बायकांच्या टेबलावर गेली. "साहेबांची बदली नाहीये," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "घटस्फोट झालाय. दोन वर्षं झाली." मुकादमीणबाईंनी खुर्ची सरकवून जागा केली. "बस," एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी टेबलावर कुणी हसलं नाही, आणि पुढेही बरेच दिवस शेडबाई आली की गप्पा आटोपत्या होत.

आईचं ऑपरेशन मोठ्या सरकारी दवाखान्यात झालं. नंबर लागेपर्यंत दोनदा कळ आली. तेवढे सगळे दिवस आई मुलीशी कामापुरतं बोलली. मीठ संपलं, पाणी आलं, एवढंच. या वेळी मात्र पाटीवर तिचं स्वतःचं नाव होतं. आणि बातमी तर गल्लीभर, नात्यागोत्यात, मामांपासून चुलत जावांपर्यंत सगळीकडे पोचली होती. आईने स्वतः फोन करून मामांना वॉर्ड आणि खाट सांगितली होती.

टाके ओले असतानाच, भेटीच्या वेळेआधी आईने तोंड धुतलं, केस विंचरून घेतले आणि उशीला टेकून दाराकडे पाहत बसली. कोण काय विचारेल आणि आपण काय सांगायचं, हे तिने मनात जुळवून ठेवलं होतं. मामांसाठी एक उत्तर, शेजारणीसाठी दुसरं, खोचक बोलणाऱ्या जावेसाठी तिसरं. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मामांचा निरोप आला की जमेल तेव्हा येतो. इतर खाटांभोवती गर्दी झाली आणि ओसरली. आईच्या खाटेशी स्टुलावर एकटी शेडबाई कारखान्याच्या कपड्यांतच बसून होती. तिच्या नखांच्या कडेला पांढरा रंग वाळला होता.

"कुणीच काही म्हटलं नाही गं," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "टोमणा मारायलासुद्धा कुणी आलं नाही. आणि याच लोकांसाठी मी..."

शेडबाईने चादर सारखी केली. आईने तिच्याकडे पाहिलं.

"तू विचार," ती एकदम म्हणाली.

"काय विचारू?"

"ते विचारणार होते ते. मी केव्हाची तयारी करून बसलेय."

शेडबाईला हसू आलं. तिने स्टूल पुढे ओढलं आणि एखाद्या परक्या बाईसारखं विचारलं, "का हो, तुमच्या मुलीचं काय झालं?"

तीन दिवस जुळवलेलं एकही उत्तर आईला आठवेना. तिने मुलीचा रंग लागलेला हात दोन्ही हातांत घेतला.

"तिचं लग्न मोडलं," ती शेजारच्या खाटेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "आणि मी तिला दोन वर्षं एकटं टाकलं."