बिसरामजींचं पथ्य

माझा स्वभाव तिरसट आहे, हे गोंदियाच्या बाजारात कुणालाही विचारा. रोग्यानं पथ्य मोडलं की मी त्याला दवाखान्याच्या पायरीवरूनच परत पाठवतो. "डॉक्टर खेमराजचं औषध एक डाव चुकलं तं चालते बाई, पथ्य चुकवू नोको," असं बाया एकमेकींना बजावतात.

आमच्याकडे पथ्याशिवाय औषधाला औषध म्हणतच नाहीत. नुसती बाटली हातात दिली तर माणूस दारातून परत फिरतो आणि विचारतो, "अन् पथ्य काय जी?" शिवाय एक रीत आहे. ज्यानं पथ्य घातलं त्यानंच ते सोडवायचं. नाडी पाहायची, आपल्या तोंडानं "सुटलं" म्हणायचं आणि आपल्या हातानं गुळाचा खडा द्यायचा. तोवर आंबट बंद म्हणजे बंद, मग घरी लग्न का असेना. मी वैद्यकीच्या शाळेत चार वर्षं घासली, तरी माझ्या बॅगेत छाती तपासायच्या नळीशेजारी गुळाची पुडी असतेच. आता हसा.

अडतीस सालच्या मार्चमध्ये नागपूरला असेंब्लीचं अधिवेशन भरलं. प्रांतभरचे मेंबर गोळा झालेले. कुणाला दमा, कुणाचे गुडघे धरलेले, कुणाला नागपूरचं तिखट सोसलेलं नाही. म्हणून आम्हा खाजगी डॉक्टरांना विनंती आली की पाळीपाळीनं आठवडाभर येऊन बसा आणि मंडळींची किरकोळ दुखणी पाहा. पैसे नाहीत, चहा मिळेल. मी त्याच दिवशी होकार कळवला.

आमच्या सौ. सुमित्राबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "इथं ओट्यावर रोगी कण्हून राहिले, अन् तुम्ही पुढाऱ्यांच्या नाड्या पाहाले चालले? तेही फुकट?"

"चाललो," मी म्हणालो आणि बॅग भरली.

मी धर्मात्मा नाही. माझा स्वार्थ होता. नवेगाव बांधचे बिसरामजी कापगते त्या असेंब्लीत मेंबर होते. पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांच्या घरचा माणूस. पाण्याची पाळ कुठे फुटेल ते नुसतं पाहून सांगेल, पण सभेत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. नवेगावला सरकारी दवाखाना उघडावा आणि तिथं कायमचा डॉक्टर ठेवावा, असा ठराव त्यांनी दिला होता. चिठ्ठ्या टाकल्या त्यात त्यांचं नाव निघालं, शनिवारचा दिवस ठरला. हा मोका हुकला की पुन्हा वर्षभर वाट पाहायची. नवेगावहून मला बोलवायचं म्हणजे छोट्या लाईनची दिवसातून एक गाडी. आज निरोप निघाला तर मी उद्या पोचणार. मागच्या श्रावणात खुद्द बिसरामजींच्या घरी मी असाच उशिरा पोचलो होतो. त्यानंतर त्यांच्या नजरेला नजर द्यायला मी कचरत असे. तो दवाखाना मला त्यांच्याइतकाच हवा होता.

मंगळवारी ते असेंब्लीच्या इमारतीत मला दिलेल्या खोलीत आले. घशातून नुसती खरखर.

"काय केलं जी?"

"भाषण पाठ करून राहिलो," ते कसंबसं म्हणाले. "आठ दिवसांपासून. बगीच्यात, झाडाइच्या समोर."

घसा पाहिला तर लालभडक! मी ग्लिसरीन लावलं, गुळण्यांचं औषध दिलं आणि दरडावून सांगितलं, "शुक्रवार संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलाचा नाही. शुक्रवारी मी पाहीन, मंग पथ्य सोडवीन. शनिवारी आवाज ढोलासारखा निघते का नाही पाहा."

त्यांनी मान हलवली. तिथूनच सुरुवात केली. जाताना राम राम सुद्धा हातांनीच केला. असा रोगी मिळाला की मला फार बरं वाटतं.

गुरुवारी दुपारी मी एका जाडजूड मेंबरच्या पायाला पट्टी बांधत होतो. कवडू नावाचा चपराशी दारात आला. तो आमच्याच भागातला. "डॉक्टरसाहेब, तुमचे नवेगाववाले आजच बोलणार. कामाचा कागद बदलला. शनिवारचं आजवर आलं."

"वा!" मी म्हणालो. आणि पट्टी हातातून सुटली. अरे देवा! माणूस माझ्या पथ्यावर होता.

मी चिठ्ठी खरडली: 'पथ्य सुटलं. बोला.' कवडू पळाला. दोन मिनिटांत तीच चिठ्ठी परत आली. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'नाडी न पाहता?'

रागानं माझ्या कानशिलाच्या शिरा ताठ झाल्या. पण रागावणार कुणावर? हा हट्ट मीच शिकवलेला. मी बॅग उचलून सभागृहाच्या दाराशी धावलो. पहारेकऱ्यानं हात आडवा घातला; मेंबर नसलेल्यांना आत मज्जाव. दाराच्या काचेतून पाहतो तर अध्यक्ष नाव पुकारत होते आणि बिसरामजी उभे होते. हात जोडून, मान ताठ, तोंड मिटलेलं. अध्यक्षांनी पुन्हा पुकारलं. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. बिसरामजींचे कान लाल झाले, पण ओठ काही हलले नाहीत.

"तिसऱ्यांदा पुकारलं अन् नाही बोलले, तं ठराव पडते," कवडू कानाशी कुजबुजला.

मी गळ्यात नळी अडकवली आणि पहारेकऱ्यावर खेकसलो, "मेंबरची वाचा बसली आहे! डोळे फुटले का तुझे? मी इथला डॉक्टर आहे, आत निरोप दे!" खोटं त्यात काहीच नव्हतं. तो घाबरला, कारकुनाकडे धावला. कारकून अध्यक्षांच्या कानाशी लागला. "डॉक्टरांना येऊ द्या," अध्यक्ष म्हणाले.

सगळं सभागृह माझ्याकडे पाहत होतं. मी बिसरामजींचा हात धरला. नाडी नुसती उधळलेली. घसा पाहिला, बराच निवळला होता. "पथ्य सुटलं जी," मी मोठ्यानं म्हणालो. "बोला."

त्यांनी तळहात पुढे केला. नजर माझ्या बॅगेकडे.

मी निमूटपणे पुडी सोडली आणि त्या भर सभेत, दिवाणबहादुरांपासून वकील-बॅरिस्टरांपर्यंत सगळ्यांच्या समोर, त्यांच्या तळहातावर गूळ ठेवला. सभागृहात हशा पिकला. बिसरामजींनी शांतपणे खडा चघळला, गिळला, आणि बोलायला लागले.

"अध्यक्ष साहेब, पाठ केलेलं भाषण राहू द्या. तुमी सारे आता हासले, हासा. पण पाह्यलं ना? माह्या तोंडातून शब्द निगत नव्हता, तं डॉक्टर वीस पावलं चालून आला. हाच डॉक्टर जी. मागच्या सावनात माह्या सुनेचं, कुंदाबाईचं बाळंतपण अडलं, तवा यालेच बलावलं. निरोप एका दिशी पोचला. हा दुसऱ्या दिशी आला, नाल्याच्या पाण्यातून, छातीपर्यंत भिजून. सून वाचली. नातू नाही वाचला." आता कुणी हसत नव्हतं. "याचा कसूर नाही जी. इथं हा वीस पावलांवर होता. तिथं नव्हता. मले तिथं वीस पावलांवर डॉक्टर पायजे. मले एवढंच मांगाचं आहे."

आणि ते खाली बसले.

मला बाहेर जायला हवं होतं, पण मी बिसरामजींच्या बाकाशेजारीच उभा राहिलो. सात महिने मी समजत होतो की त्या घरात माझं नाव घेतलं की चूल थंड होत असेल. डोळे पुसायला रुमाल काढला तर त्याला गूळ चिकटलेला.

दोनचार जण बोलले, सरकारकडून थोडी कुरकुर झाली. मग अध्यक्ष उठले. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं."

"होय!" सभागृह गरजलं. त्यात सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा होता ते माझ्या लक्षात आलं, तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळलेल्या होत्या.

अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरसाहेबांचा एक होय वगळून," ते म्हणाले, "ठराव मंजूर."