टाकीभोवतीची माणसं

कारभारीनं पितळी कळशी बद्रीनाथ सरांच्या कपाळावर हाणली आणि मग, समोर मास्तर आहे हे ध्यानात येऊन, हात जोडले.

"माफ करा सर. पण आता सरका."

सर सरकले नाहीत. टाकीला पाठ लावून, हात पसरून उभे राहिले. भुवईवरचं रक्त चष्म्याच्या काचेवर उतरलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या त्या टाकीत मध्यावर न्यूट्रॉन सोडणारी बोटाएवढी कुपी टांगलेली होती. खाली सोडायची तिची कळ गंजून बसली होती. न्यूट्रॉन अंगात शिरून माणसाला आतून नासवतो, आणि अडवायला लावलेल्या शिशाला जुमानत नाही. जड अणूवर आदळून तो जवळपास त्याच वेगानं उसळतो. त्याला दमवायला त्याच्याच वजनाचा कुणी लागतो. तो हायड्रोजन, आणि हायड्रोजन मिळतो मेणात नाहीतर पाण्यात. विभागप्रमुख नानासाहेबांना तरीही शिसंच पसंत होतं, कारण पाहुण्यांना ते वजनदार दिसतं. सरांनी भांडून मेणाच्या विटा रचल्या. लोडशेडिंगमध्ये त्या मेणबत्त्या होऊन घरोघर गेल्या. मग न्यूट्रॉन गिळणारी बोरिक पावडर आणली; ती कॅरमच्या बोर्डांनी खाल्ली. शेवटी सरांनी पाणी निवडलं. औरंगाबादेत, ऐन मे महिन्यात.

नळ कोरडे पडून आठवडा झाला होता. कॉलेजात पाण्यानं काठोकाठ भरलेली टाकी आहे, ही बातमी वसाहतीत पोचायला दुपारही लागली नाही.

"पाणी खराब हाय का?" कारभारीनं विचारलं.

"पाणी चांगलंय. आतली वस्तू वाईट आहे."

"मंग चांगलं पाणी वाईट वस्तूला कशापायी पाजता?"

मागून कुणीतरी "व्हय की!" म्हणालं आणि प्रश्न निकालात निघाला. एकानं सरांच्या बरगडीत गुडघा घातला, दुसऱ्यानं मान धरून भिंतीवर आदळलं. चौघांनी उचलून कोपऱ्यात टाकलं. चष्म्यावर कुणाचा तरी पाय पडला. बादल्या टाकीत बुडू लागल्या.

भिंतीपलीकडं आवडाबाईंची खुर्ची होती. विभागाची आवकजावक त्या तिथंच बसून पाहत. ती खुर्ची हलवा म्हणून सर वर्षभर भांडत होते, पण जागाबदलाला मंजुरी येत नव्हती. तोवर सरांनी त्यांच्या टेबलावर न्यूट्रॉन मोजायचं यंत्र ठेवलं होतं. पाणी उतरू लागलं तशी त्याची टिकटिक भिंतीतून अलीकडं येऊ लागली; आधी संथ, मग ताशासारखी.

"सर, हे लई कडकड करतंय! उठू का?"

"उठा! बाहेर पळा!"

"नानासाहेब दाराला कडी घालून बसलेत. म्हणतात, बाहेर दंगल हाय."

सर रांगत टाकीकडं निघाले. कुणीतरी हातावर टाच रोवली. बोट मोडल्याचा आवाज त्यांना दुखायच्या आधी ऐकू आला. गर्दी वाढतच होती. टाकी आणि भिंत यांच्यामधल्या बोळात माणसं खांद्याला खांदा लावून ठासून भरली. पाणी कुपीच्या खाली गेलं.

आणि टिकटिक मंदावली.

"थांबलं बाई एकदाचं!" पलीकडून आवडाबाई म्हणाल्या. "भरली वाटतं टाकी."

सरांनी टाकीत पाहिलं. मग बोळातल्या माणसांकडं पाहिलं. माणसात पाणीच जास्त असतं, हे ते दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवत.

सगळ्यांत पुढं, टाकीला पोट टेकवून, सारजाबाई उभी होती. कारभारीची बायको, दिवस भरत आलेली. पोटुशीला रांगेत ताटकळत ठेवायचं नाही, हा त्यांच्या फुलंब्री गावचा रिवाज. कारभारीनं तिला स्वतः हाताला धरून पुढं आणलं होतं. ती तांब्यानं तळाचं पाणी ओरपत होती.

"कारभारी," सर हळू म्हणाले. "ती टिकटिक थांबली नाही. तुमच्या माणसांत जिरतेय. पहिली हिच्यात."

कारभारीनं सरांच्या फुटक्या तोंडाकडं पाहिलं. इतका मार खाऊन माणूस खोटं बोलत नाही, एवढा त्याचा अनुभव होता. त्यानं सारजाबाईच्या हातातला तांब्या हिसकला, तिला दंडाला धरून फरफटत दाराबाहेर लोटलं. भरलेली कळशी टाकीत उपडी केली. मग कोपऱ्यातली लोखंडी पहार उचलून वळला आणि समोरच्याच्या, सख्ख्या चुलतभावाच्या, नडगीवर घातली.

"सांडा! टाकीत सांडा समदं!"

किंकाळ्या, बादल्या, रक्त, सगळं एकदम दाराकडं सुटलं. जाताना प्रत्येकानं आपली बादली मात्र नीट धरली होती. बोळ रिकामा झाला. टाकीच्या तळाशी कारभारीची कळशीभर ओल होती.

भिंतीपलीकडं यंत्र ताशासारखं कडाडलं.

"सर," आवडाबाईंनी विचारलं, "ती मंडळी गेली काय हो?"