हिरवं कार्ड

आबा मंगळवारी प्रयोगशाळेत आले ते नेहमीसारखेच, गंगापूरच्या एसटीनं, पाण्याची बाटली मांडीवर सांभाळत. गावचे जलसुरक्षक तेच. विहिरीचा नमुना त्यांनी आणायचा, तपासायचा मी.

"घ्या मॅडम. यंदाबी हिरवंच कार्ड पायजे."

"ते पाणी ठरवील, आबा."

"पाणी माझं ऐकतंय."

शेजारच्या टेबलावरचे बद्रीनाथ हसले; आम्हा बापलेकीचं हे बोलणं त्यांना नेहमीचं होतं. आबांनी पिशवीतून चार पेरू काढून माझ्या हातात दिले. पेरूंना ब्लीचिंग पावडरचा वास होता. आबांच्या बोटांनाही.

तीन वर्षं मी तो वास ओळखत होते. तो नमुन्याच्या दिवशीच यायचा. एरवी गावी जावं, तर देवळामागच्या खोलीत पावडरची गोणी ढेकूळ होऊन पडलेली. पावडर विहिरीत रोज टाकायची असते. आबा मात्र ती फक्त बाटली भरायच्या सकाळी टाकत, पाहुणे यायच्या आधी अंगण सारवावं तशी. त्यांना त्यात लबाडी दिसत नव्हती. गावाची अब्रू दिसत होती.

फॉर्मवर रकाना होता: पावडर केव्हा टाकता? आबांनी लिहिलं होतं, 'रोज'. मी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "चहा घेता?" एवढंच विचारलं. दोन दिवसांनी हिरव्या कार्डावर 'पिण्यास योग्य' लिहून सही केली. जंतू सापडले नव्हते. सापडणार कसे?

नव्या नळयोजनेची यादी या कार्डांवरूनच होते. दूषित पाण्याची, लाल कार्डवाली गावं आधी. आमचं गाव तिसऱ्यांदा मागं राहिलं.

सही केल्यापासून अठराव्या दिवशी नाल्याचं पाणी विहिरीत उतरलं. सव्वीस जणांना जुलाब लागले. त्यात सगळ्यांत म्हातारे आबा. त्यांना दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. मी दिलेला फिल्टर घरी खोक्यातच निघाला. "हिरवं कार्ड असल्यावर फिल्टर कशाला?" असं ते सगळ्यांना सांगत, म्हणे.

आबांच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी ग्रामसभा होती. प्यायला टँकर सुरू होता. विहिरीचा नवा नमुना हवा होता. रिकामी बाटली मीच आणली होती. मला एका जागी बसवत नव्हतं. बाटलीचं झाकण मी घट्ट करत होते, सैल करत होते.

"एकदा झालं, ताई," सरपंच काकासाहेब म्हणाले. "आता भरपूर पावडर टाकू अन् मग बाटली भरू. आबाचं हिरवं कार्ड जाऊ द्यायचं नाय."

"पोरगीच तपासायला असल्यावर कार्ड कोण लाल करतंय?" मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

मी उभी राहिले. "पावडर टाकू नका. आहे तसं पाणी भरा. लाल येऊ द्या. त्याशिवाय आपण यादीत येणार नाही."

दगडाबाई पुढं सरकल्या. आबांना त्या राखी बांधत, नावानंच हाक मारत. "अन् मग पुंजारामचं नाव? तीन साल त्यानं कार्ड राखलं. ते काय खोटं व्हतं?"

हातातलं झाकण खाली पडलं. मी ते उचललं नाही.

"व्हय, आत्या. आबा रोज पावडर टाकत नव्हते. बाटली भरायच्या दिवशीच टाकायचे. त्यांच्या हाताला वास यायचा. मला तीन वर्षं माहीत होतं, मी त्यांना एकदाही विचारलं नाही. आणि सही माझी आहे."