निर्दोष ठरलेली पट्टी

थोरला दवाखान्याच्या पायऱ्या चढला तेव्हा त्याचा गुडघा कुरकुरत होता, आणि मन त्याहून जास्त. याच कामासाठी पुन्हा पुन्हा यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

डोळ्यांचा दवाखाना तो. आतल्या खोलीत डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढणारं एक यंत्र होतं, आणि ते ज्या कॉम्प्युटरवर चालायचं त्या कॉम्प्युटरने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. चांगला चालता चालता मध्येच स्क्रीन निळी व्हायची, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी अगम्य उमटायचं, आणि तो आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. दोन दिवस शहाण्यासारखा वागायचा आणि नेमका पेशंट हनुवटी टेकवून बसला की मान टाकायचा. डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केलेली माणसं बाहेर बाकांवर आंधळ्यासारखी ताटकळायची, आणि शेवटी कुणाचा तरी हात धरून तशीच घरी जायची.

दारातच डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"आज तुम्ही एकटे नाही," त्या म्हणाल्या. "तुमचे भाऊही आत आहेत. मीच बोलावलंय."

थोरला तिथल्या तिथे थांबला. "बाई, मी मग उद्या..."

"उद्या नाही. तुम्ही म्हणता सॉफ्टवेअर बिघडलंय. ते म्हणतात हार्डवेअर बिघडलंय. तुमचं आपसात काय आहे ते मला माहीत आहे, आणि मला त्याच्याशी देणंघेणं नाही. आज पेशंट नाही घेतले मी, फक्त एका आजोबांना थांबवलंय. दोघं मिळून काय ते एक सांगा."

दोघा भावांचं पूर्वी एकच दुकान होतं. थोरल्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर, धाकट्याच्या हातात कीबोर्ड. आलेलं मशीन आधी थोरला उघडायचा, मग धाकटा चालवायचा. एकदा एका गिऱ्हाइकासमोर धाकटा हसत हसत म्हणाला, "दादा धूळ झटकतो, डोकं मी चालवतो." गिऱ्हाईक हसलं, थोरला नाही हसला. शब्दाने शब्द वाढला, दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली, आणि दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच. जावाजावांचं मात्र फोनवर तासन्‌तास चालायचं. घरातली बित्तंबातमी थोरल्याला बायकोकडून कळायची आणि तो ती न ऐकल्यासारखं करून ऐकायचा.

धाकटा टेबलाशी बसला होता. थोरल्याला पाहून तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

"ये," तो म्हणाला.

"हं," थोरला म्हणाला.

थोरल्याने कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, पंखे फिरताहेत का पाहिलं, वायरी दाबून पाहिल्या. हे सगळं त्याने आधीही केलं होतं. वीजपुरवठ्याचा डबा बदलला होता. मेमरीची पट्टी बदलून पाहिली होती. तरी कॉम्प्युटर पडला, तेव्हा बिचारी पट्टी निर्दोष आहे असं ठरवून जुनीच परत बसवली होती, बाईंच्या गळ्यात उगाच नवा भाग कशाला मारा म्हणून. मग हात टेकून त्याने सांगितलं होतं, माझ्याकडून सगळं ठीक आहे, सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा.

धाकट्याने येऊन सगळी सिस्टिम पुसून नव्याने टाकली होती. दोन दिवसांत स्क्रीन पुन्हा निळी. त्यानेही हात झटकले होते.

आता दोघं त्या उघड्या डब्यात बघत बसले. भांडायचं तर नव्हतं, आणि न भांडता बोलायचं कसं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"पहिल्यापासून सुरू करू," शेवटी थोरला म्हणाला. "मेमरी टेस्ट लाव."

"मेमरी कशाला? ती तर तू..." धाकटा बोलता बोलता थांबला. "बरं. लावतो."

टेस्ट लागली. स्क्रीनवर आकडे मुंगीच्या पावलांनी सरकायला लागले. ही चाचणी घाईने होत नाही; लावायची आणि बसून राहायचं. दोघं बाहेर पेशंटच्या बाकावर येऊन टेकले. पलीकडच्या टोकाला थांबवून ठेवलेले आजोबा काळा चष्मा लावून बसले होते. थेंब घालून झालेले, त्यामुळे त्यांना समोरचं धड दिसत नव्हतं.

"डॉक्टर आलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही आजोबा, आम्ही कॉम्प्युटरवाले."

"सापडलं का दुखणं?"

"बघतोय."

"बघा बाबा. तुम्हाला तरी दिसतंय." आजोबा स्वतःच्याच बोलण्यावर हसले आणि भिंतीला डोकं टेकून गप्प झाले.

थोड्या वेळाने धाकट्याचा डोळा लागला. त्याची मान हळूहळू कलली आणि थोरल्याच्या खांद्याच्या जरा अलीकडे येऊन थांबली. थोरल्याने पाहिलं, त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. बायकोने हे कधी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं खांदा थोडा पुढे करावा. मग वाटलं, कशाला. तो तसाच ताठ बसून राहिला आणि त्याची पाठ भरून आली.

तो उठून आत गेला तेव्हा स्क्रीनवर लाल ओळी उमटल्या होत्या. एक नाही, एकाखाली एक. मेमरी खराब होती.

"अरे, ऊठ. ये इकडे," त्याने हाक मारली.

धाकटा डोळे चोळत आला, ओळी पाहिल्या, आणि वाकून डब्यातल्या पट्टीवरचं लेबल वाचलं.

"ही तर जुनी पट्टी आहे."

"हो."

"तू बदलली नव्हतीस?"

"बदलली होती. तरी पडला, म्हणून जुनी परत लावली."

धाकटा खुर्चीत बसला. मग म्हणाला, "दादा, नवी पट्टी लावलीस तेव्हाच दुखणं गेलं होतं. पण तोवर हिने सिस्टिमच्या फायलींची पार वाट लावली होती. त्या नासलेल्या फायलींमुळे तो पडत राहिला. तू ही परत लावलीस. मग मी येऊन सगळं नवं टाकलं, आणि हिने तेही नासवलं."

थोरला उभाच होता. "म्हणजे मी बरोबर केलेलं मीच उलटं केलं."

"आणि मी बरोबर केलेलं या पट्टीने."

"तू का नाही तपासलीस मेमरी?"

"तू येऊन गेला होतास ना आधी." धाकट्याने नजर स्क्रीनवरच ठेवली. "तू बघितलंयस म्हणजे त्यात काही नसणार, असं धरून चाललो."

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं. एवढी बोलाचाली बंद, आणि हा माणूस त्याच्या कामाच्या भरवशावर राहिला होता. एक फोन केला असता कुणीही, तर बाहेरची किती माणसं आंधळ्यासारखी घरी गेली नसती. हे दोघांनाही कळलं.

थोरल्याने पिशवीतून नवी पट्टी काढून बसवली. धाकट्याने सिस्टिम पुन्हा टाकली. थोरला झाकणाचे स्क्रू आवळत होता तेव्हा धाकट्याने न मागता टॉर्च धरला, पूर्वी धरायचा तसा. मग आजोबांना आत आणलं. त्यांनी हनुवटी टेकवली. एक डोळा झाला, दुसरा झाला. स्क्रीनवर दोन्ही पडद्यांचे नारिंगी गोळे स्वच्छ उमटले. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिले, दीर्घ श्वास सोडला, आणि दोघांकडे न बघता म्हणाल्या, "महिनाभर चालू दे म्हणजे मिळवली."

पायऱ्या उतरताना थोरल्याने कठडा धरला होता. धाकटा एक पायरी मागे राहून सावकाश उतरत होता.

"दादा, त्या दिवशी दुकानात मी जे बोललो ना..."

"आत्ता नको," थोरला म्हणाला. "दमलोय रे मी. खरंच."

"बरं."

खाली रस्त्यावर आल्यावर दोघं उगाच घुटमळले. धाकट्याने गाडीची किल्ली काढली, हातात फिरवली. थोरल्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"फोन करत जा," थोरला म्हणाला.

"कामाचा?"

थोरल्याने जरा विचार केला.

"आधी कामाचा कर," तो म्हणाला. "बाकीचं बघू."