बेलापूरचा वानवळा

“गिळ की गं माझे आई, एवढा घास गिळ.” छबूबाई पार काकुळतीला आली होती. बाभळीखाली आडव्या पडलेल्या बनूच्या तोंडाशी तिनं सुकडीची चिमूट धरली. लेकीनं घास घेतला, डोळे मिटून चघळला आणि जराशी हसली. गूळ लागला असणार जिभेला.

दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना दुपारी सुकडी मिळायची. गव्हाचं पीठ, गूळ, तेल. ती खाऊन बाकीची पोरंबाळं तरतरीत दिसायला लागली होती. बनूचं मात्र सगळं उलटंच. हातापायांच्या काड्या, पोटाचा नगारा, आणि जुलाब काही केल्या थांबेनात. म्हणून छबूबाई आपल्या वाटणीची सुकडीही तिलाच भरवायची आणि स्वतः मिलोच्या, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरीवर दिवस ढकलायची. नवरा सहादेव ओरडायचा, “अगं, तू बी खा की! मरशील अशानं.” ऐकतेय कशाला ती!

सावलीत जरा डोळा लागला, की छबूबाई थेट बेलापुरात जायची. माहेर तिचं. पाटाचं पाणी, भावाचं, रंगनाथदादाचं रान आणि कमरेएवढा गहू. स्वप्नात कसलाच आवाज नसायचा, नुसता गहू हलायचा, आणि त्यातून बनू चालत यायची, अंगावर मूठभर मांस चढलेली. जामखेडच्या माळावर नांदायला आल्यापासून छबूबाईनं मनाशी धरलं होतं, सुख म्हणून काही असेल तर ते गव्हाच्या पोळीत. इथं पोळी व्हायची ती सणाला, पाहुण्याला, नाहीतर आजाऱ्याला.

एके दिवशी जाग आली तर बनूला उठून बसवेना. सहादेवनं पोरीला खांद्यावर टाकलं, आणि एस.टी. धरून दोघांनी नगरचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाई दिल्लीकडे शिकून आलेल्या. पोट चाचपून झाल्यावर त्यांनी विचारलं, “ही बरी कधी असायची? आठवून सांगा बरं.”

“घरी भाकर खाऊन बरी हुती की वो,” छबूबाई म्हणाली. “मामाच्या गावाला नेली, की पडायची. दर टायमाला. आमी म्हनायचो, नजर लागती पोरीला. भावजय तर मीठमोहऱ्या उतरून दमली.”

“मामाकडे काय खायची?”

“लाडच व्हायचे की! दोन्ही वख्ताला पोळी.”

बाईंनी बनूची पापणी खाली ओढून पाहिली. मग म्हणाल्या, “सीलियाक नावाचा आजार असतो. गव्हात ग्लुटेन म्हणून एक चिकट भाग असतो. काहींच्या आतड्याचं अस्तर त्यानं झिजतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. मला तेच वाटतंय. गहू बंद करून बघू. बाजरी, ज्वारी, तांदूळ द्या. पोळी नाही, रवा नाही, सुकडी तर मुळीच नाही. गुण आला तर जन्मभर नाही.”

“म्हंजी गहू मानवत न्हाई तिला?”

“अगदी तसंच.”

छबूबाईनं आपल्या हातांकडे बघितलं. “म्या भरवली वो बाई. माझ्या वाटनीची बी. ह्याच हातानं.” आणि ती ढसाढसा रडली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

गहू सुटला आणि काय सांगावं, पोरगी पालवली! दुष्काळ सरला तोवर बनू शेरडांमागं धावायला लागली होती.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला रंगनाथदादा आला, नव्या गव्हाचा वानवळा घेऊन. पहिलं धान्य बहिणीला पोचवायची त्यांच्याकडे रीतच होती. पोतं टेकवलं आणि तो एकदम ओशाळला. “छबे, ध्यानातच राह्यलं न्हाई बघ. नेतो माघारी.”

“वानवळा कुनी माघारी नेतं का, दादा?” म्हणत तिनं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. डोळे आपोआप मिटले. ऊन ऊन गहू, पाटाचा वास, सगळं बेलापूर हाताशी आलं. मग तिनं हात स्वच्छ धुतला आणि बाजरीचं पीठ परातीत घेतलं.

“आई, सुकडी लई ग्वाड हुती, न्हाई?” ताटावर बसता बसता बनू म्हणाली. “मला मानवत न्हाई, पर तू तरी खा की पोळी.”

“मला बी न्हाई मानवत, बाय,” छबूबाई म्हणाली. तिनं भाकरी मोडली आणि अर्धी लेकीच्या ताटात घातली. मग दादाकडे वळून म्हणाली, “तुला करते पोळी. पाव्हना हायस.”

रंगनाथदादा तिच्याकडे बघत राहिला. लहानपणी ह्याच छबीनं त्याच्या ताटातली पोळी पळवावी आणि रानभर त्याला मागं पळवावं. त्यानं आपलं ताट पुढं सरकवलं. “भाकरच वाढ,” तो म्हणाला.